लिफ्टमधून उतरलेली माणसं

लिफ्ट मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर थांबली, दार उघडलं, बाहेर मी बघायला गेलेल्या कंपनीचा मालक उभा होता, आणि माझ्यासोबत आत असलेली सगळी पोरं गुपचूप बाहेर पडली. बस, एवढंच झालं. कुणी कुणाला काही बोललं नाही. त्यांना खरं तर अगदी वर जायचं होतं, खाली लिफ्टमध्ये शिरतानाच त्यातल्या एकीने माझ्यादेखत शेवटच्या मजल्याचं बटण दाबलं होतं आणि "वरची कॉफी जरा तरी बरी असते, नाहीतर..." असं ती शेजारणीला सांगत होती. ते वाक्य तिथेच टाकून ती उतरली. मालक बाजूला झाला, त्यांना वाट करून दिली, जरासा हसलाही. गोड माणूस. पायात साध्या चपला, हातात स्वतःची पाण्याची बाटली, आवाज असा की आजारी माणसाला झोप लागावी. आत येऊन मला म्हणाला, "कॅन्टीनकडेच ना? चला, मीही येतो." दार लागलं. जिन्यावरून त्या पोरांची पावलं वर येताना ऐकू आली, मग तीही ऐकू येईनाशी झाली. मी नकळत कडेची दांडी धरली. लिफ्टमुळे नव्हे, लिफ्ट अगदी झकास होती.

कंपन्या बघणं हा माझा धंदा. लोकांचे पैसे गोळा करून शेअर घेणाऱ्या एका फंडात मी इतकी वर्षं काढली आहेत की तिथली माणसं मला माझ्या नावाने हाक मारायचीच विसरली. सगळ्यांचा मी कॅन्टीनमामा. कारण नवीन तंत्रज्ञानाची कुठलीही कंपनी बघायला गेलो की मी आधी तिच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसतो. यंत्रं मग बघतो. पोरांना शिकवताना मी हेच सांगत आलो: बाबांनो, तंत्रज्ञान आज याच्याकडे आहे, उद्या शेजाऱ्याकडे असेल, परवा ते फुकट वाटतील. विकत मिळत नाही ते दुसरंच. हाताखालचा माणूस वरच्याला तोंडावर "साहेब, हे चुकतंय" म्हणू शकतो का, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसून सुखाने घास गिळू शकतो का, ते बघा. ज्या घरात खरं बोलायची सोय आहे तिथे चुकीचं यंत्रसुद्धा सुधारतं. जिथे नाही तिथे सोन्याचं यंत्र आणून ठेवा, त्याचं मातेरं होणारच. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की मलाच ते पाढ्यासारखं पाठ झालंय, आणि पाढे म्हणताना माणूस विचार करत नाही.

तर त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मालक माझ्यासमोर बसला आणि आजूबाजूची टेबलं हळूहळू मोकळी झाली. पळापळ नाही हं. एकाला फोन आला, एकाला काम आठवलं, दोघी नुसत्याच उठल्या. तो आपला मन लावून मला त्याच्या पेटीबद्दल सांगत होता. तळहाताएवढी पेटी. पंपाला, पंख्याला, कशालाही चिकटवायची. ती त्या यंत्राचा आवाज ऐकत राहते आणि ते बिघडायच्या कितीतरी आधी सांगते की बाबा, याच्या पोटात दुखायला लागलंय. मी ती सकाळी चालताना पाहिली होती. एका धडधाकट दिसणाऱ्या पंख्याला पेटीने आजारी ठरवलं, आणि खोलून पाहिला तर खरंच आत बेअरिंगमधली एक गोळी झिजलेली. मी इतकी यंत्रं पाहिलीत, पण अंगावर काटा आला होता. आणि आता ज्याने ती पेटी बनवली तो माणूस रिकाम्या कॅन्टीनच्या मधोमध बसून मला म्हणत होता, "आमच्याकडे दार कायम उघडं असतं. कुणीही यावं, काहीही सांगावं." तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याचं दार उघडंच होतं आणि त्यातून कुणी आत येत नव्हतं, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मला बाबांची पुढची खोली आठवली. बाबांनी आम्हा भावंडांना कधी बोट लावलं नाही. आवाज चढवल्याचंही मला आठवत नाही. संध्याकाळी ते बँकेतून येत, खुर्चीत बसून बूट काढत, आणि तोवर खोलीत गप्पा मारत बसलेलो आम्ही एकेक करून उठायचो. ताईला पाणी प्यायचं असायचं, मला अभ्यास, धाकट्याला आणि काही नाही तर शू. असं करा म्हणून आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईचं काम वाईट बातमी सांभाळून ठेवण्याचं. "आत्ताच आलेत, टेकू दे जरा." मग "जेवू दे सुखाने." मग "आता झोपायच्या वेळी नको." आणि सकाळी "सकाळी सकाळी काय लावलंय ते?" दुसऱ्या गावच्या कॉलेजात ताईला जागा मिळाली होती, तेव्हाही आई अशीच चांगली वेळ बघत राहिली. ती यायच्या आत शेवटची तारीख येऊन गेली. मग बाबांना कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते ताईकडे बघत म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ताई पाणी प्यायला आत गेली. तिने गावातल्याच शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म काढला, आणि पुढच्या खोलीत बाबा वर्षानुवर्षं एकटे बसून राहिले, आपल्याला शांत घर लाभलं असं समजून.

ताईचे पैसे आमच्या फंडात होते. माझ्याच सांगण्यावरून. शाळेतून सुटताना मिळालेले, भाऊजींचे, किडूकमिडूक सगळं. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. भाऊजींना झटका आल्यापासून त्यांचा डावा पाय त्यांचं ऐकत नाही. एकदा खाली उतरले की वर चढवायला दोन माणसं लागतात, म्हणून ते उतरतच नाहीत. आधी ते रोज सकाळी बाहेर पडत, निम्मं गाव फिरून येत, कुणाच्या घरी पाहुणे आले आणि कुणाची गाडी चोरीला गेली ते घरी पेपर यायच्या आधी सांगत. आता खिडकीत. पैसे जरा वाढले की लिफ्टवालं घर घ्यायचं, एवढीच ताईची मागणी. "मोठं नको रे," ती म्हणायची, "खाली जाता आलं म्हणजे झालं. हे दिवसभर घरात असले की मला वेड लागेल आणि यांना माझा कंटाळा येईल." मी म्हणायचो, थांब, आत्ता काढू नकोस. आणि ती थांबायची.

म्हणून ही पेटीवाली कंपनी घ्यायची की नाही हे ठरवणारी बैठक दोन दिवसांवर आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ना मालक होता, ना ती पेटी. भाऊजींचा पाय होता. बाईंना ती कंपनी मोठ्या प्रमाणावर घ्यायची होती, इतकी मोठी की चाललं तर आम्ही सगळे तरलो आणि बुडालं तर सोबत घेऊन बुडणार. बाई म्हणजे आमच्या फंडाच्या मालकीण. एका शिंप्याच्या दुकानावर भाड्याची खोली घेऊन आम्ही तिघाचौघांनी हे सुरू केलं, तेव्हा तिथे खुर्च्या कमी होत्या आणि त्यातली एक लंगडी. जो उशिरा येईल त्याच्या वाट्याला ती. बसणारा सारखा डुलायचा, वैतागायचा, आणि वैतागलेला माणूस सगळ्याला नको म्हणतो. त्यातून प्रथाच पडली. लंगड्या खुर्चीवर बसेल त्याने ही कंपनी का घेऊ नये तेच बोलायचं, बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. बाई स्वतः तिच्यावर बसून भांडायच्या. एकदा तर आमच्या हिशेबनिसाने त्या खुर्चीवरून बाईंचं असं काही वस्त्रहरण केलं की त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, नको घ्यायला." संध्याकाळी त्यांनीच त्याला चहा पाजला. आम्ही वाढलो ते त्या चहावर, असं मी अजूनही मानतो. मग काचेचं ऑफिस आलं. खुर्चीही आली, तिला पॉलिश झालं, पाहुण्यांना ती दाखवायला लागले, आणि कुणीतरी हौसेने तिचा आखूड पाय दुरुस्त करून घेतला. तेव्हाच ती मेली म्हणायची. आता पाळी लावलेली असते, बसणारा दोनचार बारीकसारीक दोष सांगतो, सगळे मान डोलावतात, खुर्चीने बोलून घेतलं असं म्हणतात आणि हवं ते विकत घेतात. एकमेकांच्या तोंडावर खरं बोलणारी माणसं म्हणून आमचं बाहेर केवढं नाव आहे.

बैठकीच्या दिवशी खुर्चीवर पाळी माझी होती. मला आनंदच झाला होता, घोडा मैदान जवळच आहे म्हणून. सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. बाई आल्या, त्यांच्या डोळ्यांखाली सूज होती. गेलं वर्ष वाईट गेलं होतं, पैसे ठेवणारे कुरकुरत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या बसल्या आणि म्हणाल्या, "हं, खुर्ची, बोला."

"लिफ्टमधून पोरं उतरली," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. बटण, कॉफी, मोकळी झालेली टेबलं. बोलता बोलताच मला कळत होतं की मघाशी मनात ते जेवढं मोठं होतं तेवढं ते इथे या टेबलावर राहत नाहीये. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "पेटीत काही खोट आहे?"

"नाही."

"हिशेबात?"

"नाही."

"यांच्या पुढे दुसरं कुणी आहे?"

"नाही, बाई. पण उद्या त्या पेटीत काही बिघडलं तर ते त्या माणसाला सगळ्यात शेवटी कळेल."

"आणि लिफ्ट? ती तरी नीट चालते ना?" बाई म्हणाल्या, आणि टेबल हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, मायेचंच होतं, मामा म्हणजे असेच म्हणून. माझ्या हाताखाली शिकलेला एकजण, एरवी माझ्यासमोर फारसं न बोलणारा, त्या हशाचा आडोसा घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही लिफ्टमध्ये असलात तर मीसुद्धा जिन्यानेच येतो." पुन्हा हशा. "बरं करतोस," मी म्हणालो, "पोट बघ केवढं सुटलंय." माझ्या तोंडून ते इतक्या चटकन गेलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

तिथे मला उठता आलं असतं. टेबलावर हात आपटून म्हणता आलं असतं की हसू नका, हीच ती गोष्ट आहे, मी जन्मभर हेच बघतो आणि हे मी आधी माझ्या घरात पाहिलंय. पण बाईंनी डोळे चोळले. दोन बोटांनी, चष्मा वर सरकवून. आणि माझ्या डोक्यात आईचा आवाज आला, टेकू दे जरा त्यांना. आमच्याकडे खुर्चीवरचा माणूस हात सगळ्यात शेवटी वर करतो. सगळे हात वर होते, सगळी तोंडं माझ्याकडे. मी हात वर केला. कुणीतरी टाळी वाजवली. "खुर्चीसुद्धा मानली," बाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना अशा हसताना पाहिलं म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं सांगून टाकतो.

मग शेअर चढला. चढतच गेला, त्याला काय जातंय. ऑफिसात पोरं मला "काय मामा, लिफ्ट वरच चाललीय की" म्हणून चिडवायची आणि मी हसायचो. आपलंच चुकलं असेल, असं मला वाटायला लागलं. वाटायला लागलं कसलं, वाटावं म्हणून मी धडपडत होतो. एवढी एक पोरगी कॉफीचं वाक्य अर्धं टाकून उतरते आणि आपण त्यावर डोंबलाचं तत्त्वज्ञान रचतो. त्याच दिवसांत एकदा दुपारी ताईचा फोन आला होता. "कामात आहेस का रे?" मी कामातच होतो. "बोल, लवकर बोल," मी म्हणालो.  "काही नाही, सहजच," म्हणाली. "जेवलास का?" मी जेवलो म्हणालो आणि फोन ठेवला.

बातमी आली ती अशी की कुठल्याशा शहराला पाणी पुरवणारे पंप एकापाठोपाठ एक बसले आणि प्रत्येकावर चिकटवलेली पेटी शेवटपर्यंत सगळं ठीक आहे असंच सांगत होती. मग सगळंच बाहेर पडलं. उन्हात आणि धुळीत काही महिने राहिली की ती पेटी बहिरी व्हायची. आणि बहिरी झालेली पेटी गप्प बसत नसे, काहीच ऐकू येत नाही म्हणजे सगळं छान आहे, असं ती समजायची. हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. पेट्या तपासणाऱ्यांना माहीत होतं, विकणाऱ्यांना माहीत होतं, कॉफी ओतणाऱ्यालासुद्धा बहुतेक माहीत असावं. ते दुरुस्त करणं अवघडही नव्हतं म्हणे, कुणीतरी तोड काढूनही ठेवली होती. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं, आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण, तेही इतक्या गरीब मांजराच्या. मालकाला टीव्हीवर दाखवलं. त्याच चपला, तीच बाटली. तो म्हणत होता, "मला कुणी सांगितलं का नाही, हेच मला समजत नाही." माझ्याशेजारी बसलेली पोरं त्याला शिव्या घालत होती. मी घालू शकलो नाही. त्या माणसाची मला अशी काही कीव आली की मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

शेअरला गिऱ्हाईक उरलं नाही. फंडाने पैसे काढणं बंद केलं, आणि जे कधीतरी निघतील ते मूठभर असतील हे आम्ही कुणी मोठ्याने म्हणालो नाही. बाईंनी मला खोलीत बोलावलं. ती खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. बाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मामा, तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही मला नीट, स्पष्ट का सांगितलं नाही?" मी सांगितलं होतं, असं म्हणावंसं वाटलं. पण सांगितलं होतं कुठे. त्यांना हसता येईल एवढंच सांगितलं होतं.

ताईला फोनवर सांगायचं नाही, एवढं ठरवलं आणि गेलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मधे दोनदा थांबलो. मलाही आता दम लागतो. मनात म्हणत होतो, आज सगळं सरळ सांगायचं, पाणीसुद्धा प्यायच्या आधी. दाराशी पोचलो तर आतून हसण्याचा आवाज. भाऊजी कुणाचीतरी नक्कल करत होते, अर्ध्या जिभेने, आणि ताई "पुरे हो, पोट दुखतंय" म्हणत होती. ती इतकी हसते हे मी विसरून गेलो होतो. मी बेल वाजवली. आत एकदम सामसूम झाली. मग ताईची पावलं, मग दार. "अगंबाई, तू होय? ये ना. जेवलास?"

"ताई, पैसे गेले," मी म्हणालो.

"ऐकलं आम्ही," ती म्हणाली. "बस आधी. घामाघूम झालायस." ती रडली नाही. मला पाणी दिलं आणि माझ्यासमोरचं आधीच स्वच्छ असलेलं टेबल फडक्याने पुसत राहिली. मग भाऊजी खिडकीतून म्हणाले, "ते घर तरी कुठे आपल्यासाठी थांबलं होतं." ताईने त्यांच्याकडे गप्प बसा अशा नजरेने पाहिलं. कुठलं घर, मी विचारलं. काही नाही रे, म्हणाली. मी पुन्हा विचारलं. मग कळलं. मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्या, दारातून पायरी न उतरता थेट रस्त्यावर. भाऊजींना दोघातिघांनी धरून दाखवायलाही नेलं होतं, आणि ते तिथल्या फाटकाशी तासभर येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत बसले होते. तेव्हा फंडातले पैसे काढले असते तर पुरून उरले असते. शेअर चढत होता तेव्हाची गोष्ट.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

म्हणालो आणि ते वाक्य माझ्याच कानावर पडलं. ताईने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "फोन केला होता की," ती म्हणाली. "तू 'बोल लवकर' म्हणालास. तुझा आवाज बाबांसारखा लागतो रे हल्ली, रागावलेला नसतोस, पण... म्हटलं, जाऊ दे, कामात आहे. निवांत असला की सांगू." आणि मला वाईट वाटेल म्हणून घाईघाईने पुढे म्हणाली, "तुझी चूक नाही हं त्यात. आमचंच राहून गेलं."

चहा टाकते, म्हणून ती आत गेली. मी उठून खिडकीपाशी गेलो. तिथे भाऊजींशेजारी एक स्टूल असतं, त्यावर बसावं, काही बोलू नये, रस्त्याकडे बघावं, एवढंच मनात होतं. मी जवळ आलेला बघून भाऊजींनी भिंतीला टेकवलेली काठी ओढली. "बसा, भाऊजी, बसा," मी म्हणालो. "नाही, नाही, तुम्ही बसा निवांत," ते म्हणाले. "मी आत पडतो जरा." काठीवर सगळा भार टाकून, खुर्चीचा हात धरून, पुन्हा खाली बसून, पुन्हा जोर लावून ते उठले. त्यांना धरावं म्हणून मी हात पुढे केला, तर ते हसून "राहू द्या, राहू द्या" म्हणाले. तो पाय फरशीवरून घासत ते आतल्या खोलीत गेले. आतून त्या दोघांचं काहीतरी हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. ती अजून गरम होती.